हप्ता, श्रोता आणि सूत्रधार : ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या सहवाचनाचा इतिहास

१

कादंबरी हा एकांतात, मनातल्या मनात वाचावयाचा वाङ्मयप्रकार आहे, हे गृहीत मराठी समीक्षेने फारसे तपासून पाहिलेले नाही. वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कथेकरी आणि कादंबरीकार यांच्यात जो भेद केला, त्याचा गाभा हाच होता : कथा ऐकणारा माणूस कथेकऱ्याच्या सहवासात असतो, कादंबरीचा वाचक मात्र एकटा असतो. युरोपीय मुद्रणसंस्कृतीच्या संदर्भात हा भेद बऱ्याच अंशी टिकतो. मराठी कादंबरीच्या संदर्भात तो जसाच्या तसा लावला, तर तिच्या जडणघडणीचा एक मोठा भाग नजरेआड होतो.

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनाकडे पाहिले तर हे चटकन लक्षात येते. कुसुमावती देशपांडे यांनी पहिल्या शतकाचा जो आढावा घेतला, त्यात लेखक, विषय आणि तंत्र यांचा विकास आहे. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० मध्ये ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कृतींवरून तीन प्रवृत्ती निश्चित केल्या. त्या मांडणीने कादंबरीचा विचार लेखकाच्या नैतिक भूमिकेशी आणि वास्तवाशी जोडला. या दोन्ही मांडण्यांचे मोल वादातीत आहे. परंतु या कादंबऱ्या कोणी, कोठे, किती जणांनी मिळून आणि किती काळ वाचल्या, हा प्रश्न दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो. संहिता कशी लिहिली गेली याचा इतिहास आपल्याकडे आहे. ती कशी वाचली गेली याचा नाही.

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित होण्याचे एक तात्कालिक कारण आहे. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीच्या काळात जगभर एक जुनी कादंबरी ठरावीक भागांत वाटून घेऊन अनेकांनी एकाच वेळी वाचण्याची प्रथा पडद्यावर रूढ झाली. १८ मार्च २०२० रोजी लेखिका यीयुन ली यांनी टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’चे असे वाचन आरंभिले. दररोज बारा ते पंधरा पाने, असे पंच्याऐंशी दिवस; आणि देशोदेशीचे वाचक एकाच पानाच्या आसपास. या घटनेचे वर्णन ‘नवे’ असे केले जाते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, मराठी कादंबरीपुरते बोलायचे तर ही नव्या माध्यमाने केलेली जुन्या रीतीची पुनरावृत्ती आहे. मराठीतील पहिली थोर सामाजिक कादंबरी याच रीतीने, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, वाट पाहत आणि पुष्कळशा वाचकांच्या बाबतीत कानांनी, ग्रहण केली गेली. मात्र पुनरावृत्ती म्हणजे पुनःप्राप्ती नव्हे. या दोहोंत काय साम्य आहे आणि काय हरवते, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

कादंबरी येण्यापूर्वी मराठी समाजात ग्रंथवाचनाची जी रूढ पद्धत होती तिला ‘वाचन’ म्हणण्यापेक्षा ‘श्रवण’ म्हणणे अधिक योग्य. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ घरोघर पोहोचले ते याच मार्गाने. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. रोज एक अध्याय. अध्यायाच्या शेवटी थांबा. आणि दुसऱ्या दिवशी मागील कथेचे सूत्र धरून पुढे. ‘गुरुचरित्रा’च्या सप्ताहात कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत जावयाचे हे ठरलेले असते. ‘ज्ञानेश्वरी’ची पारायणेही अशीच विभागलेली असतात. म्हणजे मोठ्या ग्रंथाचे हप्ते पाडणे, ते हप्ते दिनक्रमात बसविणे आणि त्यासाठी समूहाला बांधून घेणे, ही कला छापखान्याच्या आधीपासून येथे अवगत होती.

या श्रवणपरंपरेचे दोन विशेष सैद्धान्तिक दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, संस्कृत साहित्यशास्त्रात नाट्याचा आस्वाद घेणाऱ्याला ‘सामाजिक’ अशी संज्ञा आहे. आस्वादक हा एकटा नसून सभेचा घटक आहे, हे त्या संज्ञेतच गर्भित आहे. साधारणीकरणाची कल्पनाही प्रेक्षागृहातील समुदाय डोळ्यांपुढे ठेवूनच पूर्णपणे उलगडते. दुसरा विशेष असा की, या परंपरेत ग्रंथ आणि श्रोता यांच्यामध्ये पुराणिक उभा असतो. तो केवळ वाचत नाही. तो थांबतो, अर्थ सांगतो, दृष्टांत जोडतो, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून पुढचा वेग ठरवितो. अर्थनिश्चितीचा अधिकार त्याच्याकडे असतो. हा अधिकार जातीने आणि लिंगाने बांधलेला होता, हे विसरून चालणार नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी पुराणे सांगितली, तेव्हा झालेली खळबळ ही पुराणातील आशयामुळे नव्हती. बोलणाऱ्या व्यक्तीमुळे होती. समूहवाचनात ‘कोण वाचून दाखवितो’ हा प्रश्न ‘काय वाचले जाते’ याइतकाच निर्णायक असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

३

१८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये सिद्ध झाली. क्रमशः प्रकाशनाचा हा पहिला प्रयोग नव्हता. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून आली होती, आणि खुद्द हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ ‘पुणे वैभवा’तून. तरीही ‘करमणूक’ वेगळे ठरते, कारण ते कुटुंबासाठी काढलेले साप्ताहिक होते. घरातील स्त्री-पुरुषांनी, लहानथोरांनी वाचावे असे ते असावे, ही संपादकाची दृष्टी होती.

येथे साक्षरतेची स्थिती ध्यानात घ्यावयास हवी. १९०१ च्या जनगणनेत भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वर्गात ते अधिक असणार, पण तेथेही वाचता येणारी स्त्री ही अपवादच होती. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींतून दिसते की, शिकणाऱ्या स्त्रीला घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांच्या रोषाला तोंड द्यावे लागे. काशीबाई कानिटकरांचे शिक्षणही अशाच विरोधातून झाले. हरिभाऊंशी त्यांचा जो वाङ्मयीन स्नेह जुळला, त्यालाही या विरोधाची पार्श्वभूमी होती. तेव्हा ज्या स्त्रियांचे दुःख ‘पण लक्षात कोण घेतो?’ सांगते, त्यांपैकी बहुतेकींना ही कादंबरी डोळ्यांनी वाचता येणे शक्य नव्हते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली असेल तर कोणीतरी वाचून दाखविल्यामुळेच.

या परिस्थितीचा कादंबरीच्या रचनेशी संबंध आहे. यमूचे निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि त्याची भाषा घरातल्या बोलण्याची आहे. ती ऐकणाऱ्याला विश्वासात घेते, मध्येच थांबते, मागचे आठवते, पुढचे सूचित करते. या शैलीची चर्चा आजवर ‘वास्तववाद’ या सदराखाली झाली. पण ही भाषा मोठ्याने वाचली असता जशी सहज कानांत शिरते, तशी त्या काळातील निबंधी गद्याची भाषा शिरत नाही. पुराणिकाची जागा येथे संहितेतील एका स्त्रीने घेतली आहे, आणि तिच्या आवाजाला देह देण्याचे काम घरातील वाचून दाखविणाऱ्या व्यक्तीकडे आले आहे. ती व्यक्ती पुष्कळदा पुरुष असणार. नवरा, दीर किंवा शाळेत जाणारा मुलगा ‘मी’ असे म्हणून यमूचे शब्द उच्चारतो आहे आणि समोर घरातील बायका ऐकत आहेत, हा प्रसंग कल्पून पाहिला म्हणजे या कादंबरीतील प्रथमपुरुषाची सामाजिक शक्ती कळते. मनातल्या मनात वाचणाऱ्याला हा ‘मी’ एक तांत्रिक युक्ती वाटेल. मोठ्याने वाचणाऱ्याला तो स्वतःच्या तोंडून निघालेला कबुलीजबाब वाटणे अटळ आहे.

वोल्फगांग इझर यांनी क्रमशः कादंबरीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. हप्ता नेमका ताणाच्या जागी तोडला जातो. पुढे काय होईल याची कल्पना वाचकाला स्वतःच करावी लागते. आणि म्हणून एकोणिसाव्या शतकातील वाचकांना तीच कादंबरी पुस्तकापेक्षा हप्त्यांत अधिक चांगली वाटे. इझर यांच्या विवेचनातील ‘रिक्त जागा’ ही मुख्यतः संहितेतील रिक्त जागा आहे. ‘करमणूकी’च्या वाचकांपुढील रिक्त जागा मात्र रिकामी राहत नव्हती. दोन हप्त्यांच्या मध्ये इतिहास घडत होता.

कोणता इतिहास, हे तारखांवरून पाहता येते. कादंबरीचे हप्ते चालू असतानाच संमतिवयाच्या विधेयकावर महाराष्ट्र दुभंगला होता. १९ मार्च १८९१ रोजी तो कायदा झाला आणि संमतीचे वय दहावरून बारावर आले. रखमाबाईंच्या खटल्याची आठवण ताजी होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले यांचे निधन झाले. अशा काळात बालविवाह, वैधव्य आणि केशवपन यांची कथा आठवड्याआठवड्याने घरात येत होती. ‘पुढे यमूचे काय होणार?’ हा प्रश्न त्यामुळे केवळ कथानकाचा उरला नाही. तो आपल्या घरातील, शेजारच्या वाड्यातील मुलीविषयीचा प्रश्न झाला. हान्स रॉबर्ट याऊस यांची ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना येथे लागू पडते, पण एका दुरुस्तीसह : हे क्षितिज वाचनाच्या आधी ठरलेले नव्हते, ते वाचन चालू असताना सरकत होते. जवळजवळ तीन वर्षे वाचक आणि यमू एकाच कालप्रवाहात वाढत होते. पुस्तक हाती आल्यावर हा अनुभव पुन्हा घेणे कोणालाही शक्य नव्हते.

४

याच १८९० साली घडलेल्या आणखी दोन घटना या कादंबरीच्या समीक्षेत सहसा येत नाहीत. पहिली अशी की, मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा पवित्रा घेतला. सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या चळवळीशी जोडलेले आहे. दुसरी घटना अशी की, लोखंडे यांच्याच प्रयत्नांतून गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली.

पहिल्या घटनेने ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या वाचनात एक नवीच दिशा उघडते. केशवपनाचा प्रसंग हा या कादंबरीचा परमबिंदू होय. त्या प्रसंगाने मराठी मध्यमवर्गीय वाचकाचे मन हादरविले, हे सर्वमान्य आहे. परंतु कथनाचा डोळा यमूच्या घराच्या आतच आहे. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याचे मन तेथे उघडत नाही. तो घराच्या सत्तेचे एक साधन म्हणून येतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी, त्याच प्रांतात, वस्तरा धरणारे हात ‘आम्ही हे करणार नाही’ असे म्हणत होते. कादंबरी ज्याला घरातील शोकांतिका म्हणून पाहते, त्याला सत्यशोधक चळवळ श्रमिकांच्या नैतिक निर्णयाचा विषय म्हणून पाहते. हरिभाऊंची करुणा अस्सल आहे, याविषयी शंका नाही. पण ती करुणा कोणत्या उंबरठ्यापाशी थांबते, हे त्या उंबरठ्याबाहेरच्या वाचकालाच प्रथम दिसते. एकट्याने वाचणाऱ्या पांढरपेशा वाचकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. मिश्र समूहातील वाचनात तो टाळता येणार नाही.

दुसरी घटना वाचनाच्या भौतिक अटींविषयी बोलते. वाचनाला वेळ लागतो, आणि वेळ ही वर्गानुसार वाटली जाणारी वस्तू आहे. ज्याला आठवड्यातून एक दिवसही मोकळा नाही, त्याच्यासाठी साप्ताहिक कादंबरी अस्तित्वातच नसते. हवानातील सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे देऊन ‘वाचक’ नेमला आणि हात चालू असताना कानांनी वृत्तपत्रे व कादंबऱ्या ऐकल्या. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांनीही एकाने वृत्तपत्र वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्याव्यात, अशी व्यवस्था केली. या उदाहरणांत मोठ्याने वाचणे हा निरक्षरतेवरील उपाय तर आहेच, पण तो वेळेच्या टंचाईवरील उपायही आहे.

५

ही चर्चा एका विशिष्ट भूभागावर आणून पाहिली तर तिचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकमेकांना लागून आहेत. या पट्ट्यातून रेल्वे १८५६ मध्ये गेली. शेजारच्या कल्याणात १८६४ मध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्यात १८९३ मध्ये, म्हणजे हरिभाऊंची कादंबरी पुस्तकरूप घेत होती त्याच वर्षी, मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. वाचनालयांनी कादंबरी पुष्कळ घरांत पोहोचविली, पण तिची वाचनपद्धतीही बदलली. एका सभासदाला एक पुस्तक, ठरावीक मुदत, आणि मुदतीत परत. हा व्यवहार व्यक्तिगत वाचनाला अनुकूल असतो. पुढे विद्यापीठीय अभ्यासक्रमाने याच कादंबरीला ‘अभिजात’ पद दिले. तेव्हा ती पुन्हा समूहासमोर मोठ्याने वाचली जाऊ लागली खरी, पण पुराणिकाच्या जागी परीक्षेसाठी अर्थ सांगणारा अध्यापक आला.

या तीन शहरांची वाचनसंस्कृती मात्र केवळ मराठी वाचनालयांच्या इतिहासातून कळत नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, हे आज पुष्कळांच्या स्मरणातही नाही. त्यामुळे पुढील योगायोग नजरेतून निसटतो : मिर्झा कलीच बेग यांची ‘झीनत’ ही स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी सिंधी कादंबरी १८९० मध्येच प्रसिद्ध झाली. एकाच इलाख्यात, एकाच वर्षी, दोन भाषांत, शिकणाऱ्या स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या दोन कादंबऱ्यांनी आरंभ केला. आणि त्या दोन भाषांचे वारस अर्ध्या शतकानंतर एकाच लोकलमार्गावर शेजारी झाले. तौलनिक साहित्याभ्यासाला यापेक्षा उचित भूमी कोणती?

परंतु हे वारस आपापल्या अभिजात कृतींपर्यंत सारखेच पोहोचू शकले नाहीत. सिंधी भाषेसाठी अरबी-फारसी वळणाची बावन्न अक्षरी लिपी ठेवावी की देवनागरी स्वीकारावी, हा वाद फाळणीनंतर लगेच उभा राहिला आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १९६७ मध्ये सिंधीचा समावेश आठव्या परिशिष्टात झाला. तरी नागरीत किंवा इंग्रजीत शिकलेल्या पिढीला आजोबांच्या कपाटातील पुस्तक बोलीने कळते, लिपीने कळत नाही. साक्षर माणूस आपल्याच भाषेपुढे निरक्षर ठरावा, अशी ही अवस्था आहे. तिच्यावर वैयक्तिक वाचनाने मात करता येत नाही. जुनी लिपी जाणणाऱ्या एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, एवढाच सरळ मार्ग उरतो. १८९० च्या वाड्यातील स्त्री आणि आजच्या उल्हासनगरातील सिंधी तरुण यांच्यातील हे साम्य वरवरचे नाही. दोघांच्याही बाबतीत भाषा आपली आहे, पण पान परके आहे.

या परिसरात समूहवाचनाच्या परंपरा मृत झालेल्या नाहीत. त्या धार्मिक क्षेत्रात जिवंत आहेत. सिंधी टिकाण्यांत गुरु ग्रंथसाहिबाचे पाठ होतात. त्याची १४३० पाने, म्हणजे ‘अंगे’, वाचण्याची क्रमव्यवस्था ठरलेली आहे. मराठी वस्त्यांत पारायणे चालतात. आणि महाराष्ट्रातील बुद्धविहारांत वर्षावासाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. या शेवटच्या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे. खंड, भाग आणि क्रमांकित परिच्छेद अशी त्या ग्रंथाची रचना समूहात वाचण्यास अत्यंत सोयीची आहे. तेथे वाचणारी व्यक्ती जन्माने ठरत नाही, स्त्रियाही वाचतात आणि वाचनानंतर चर्चा होते. पोथीच्या श्रवणपरंपरेतील अधिकाराची उतरंड मोडून तिची समूहशक्ती मात्र राखता येते, याचा हा पुरावा आहे. कादंबरीच्या सहवाचनाने कोणत्या परंपरेकडून शिकावे, असा प्रश्न असेल तर उत्तर येथे शोधावयास हवे.

६

आता पडद्यावरील सहवाचनाकडे वळता येईल. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे; नोकरीसाठी तेथपर्यंत जाणाऱ्याचे दिवसाचे अडीच-तीन तास प्रवासातच जातात. अंबरनाथच्या कारखान्यांतील पाळ्या आणि उल्हासनगरच्या बाजारपेठेचे तास हेही संध्याकाळच्या सभेला अनुकूल नाहीत. लोकलच्या डब्यांत भजनी मंडळे रंगतात, कारण भजन पाठ असते. गर्दीत उभ्याने चारशे पानी कादंबरी समूहाने वाचता येत नाही. अशा ठिकाणी रात्रीचे जेवण उरकल्यावर तासभर पडद्यावर एकत्र येणे ही चैन नसून, सामूहिक वाचनाला उपलब्ध असलेली जवळजवळ एकमेव वेळ आणि जागा आहे. १८९० च्या रविवारने जे केले, ते काही अंशी हा रात्रीचा तास करू शकतो.

तथापि माध्यमाने जागा दिली म्हणजे सहवाचन घडले, असे होत नाही. त्यासाठी सूत्रधार लागतो, आणि त्याच्यापुढे इतिहासाने तीन नमुने ठेवले आहेत. पुराणिक अर्थ सांगतो. अध्यापक अर्थ तपासतो. तिसरा नमुना घरात ‘करमणूक’ वाचून दाखविणाऱ्याचा आहे : त्यालाही पुढचा हप्ता ठाऊक नसतो. या तिसऱ्या भूमिकेतील अज्ञान सर्जक आहे. अभिजात कादंबरीच्या बाबतीत ते कृत्रिम रीतीने निर्माण करावे लागते, कारण यमूचे काय होते हे सूत्रधाराला, आणि प्रस्तावना वाचलेल्या अर्ध्या सभासदांना, आधीच ठाऊक असते. म्हणून पुढचे न सांगण्याचा नियम हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे. तो क्रमशः वाचनाचा ज्ञानशास्त्रीय पाया आहे. ज्या भागापर्यंत सर्वजण आले आहेत, त्याच भागाच्या आधारे बोलावयाचे, या बंधनामुळे अनुभवी समीक्षक आणि प्रथमच कादंबरी उघडणारा वाचक एका पातळीवर येतात.

दुसरा प्रश्न हप्ते कोठे तोडावयाचे हा. पानांच्या संख्येने समान भाग पाडणे सोयीचे असते, पण त्यामुळे लेखकाने योजिलेला थांबा नष्ट होतो. क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या बाबतीत मूळ अंकांतील विभागणी शोधून काढणे हे सूत्रधाराचे पहिले संशोधनकार्य ठरावे. येथे जुन्या नियतकालिकांच्या संग्रहांचे महत्त्व पुढे येते. बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ वाचनालयाच्या रूपाने जुनी मराठी पुस्तके व दुर्मीळ नियतकालिके जमविण्याचे जे काम केले, त्याचा उपयोग केवळ संदर्भासाठी नाही. अशा संग्रहांतील अंक समोर ठेवून वाचले असता कादंबरीचा हप्ता, त्याच अंकातील इतर मजकूर आणि पुढील अंकापर्यंतचे अंतर यांसह वाचन करता येते. हरिभाऊंचे निधन १९१९ मध्ये झाले असल्याने त्यांच्या लेखनावर स्वामित्वहक्काचे बंधनही उरलेले नाही. संहिता सर्वांच्या हाती देता येते.

तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न आवाजांचा आहे. स्टॅन्ली फिश यांच्या मते अर्थ हा ‘अन्वयार्थक समूहा’च्या समान संकेतांतून निर्माण होतो. या मांडणीत समूह एकजिनसी असल्याचे गृहीत आहे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरात जमणारा वाचकसमूह तसा असू शकत नाही. त्यात कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे असतील, आंबेडकरी चळवळीत वाढलेले वाचक असतील, मराठी उत्तम बोलणारे पण ती क्वचितच वाचणारे सिंधी रहिवासी असतील. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील घरातली भाषा, सोवळ्याओवळ्याचे संकेत, नातलगांची उतरंड हे एका गटाला आठवण म्हणून कळेल, दुसऱ्याला मानववंशशास्त्रीय माहिती म्हणून, आणि तिसऱ्याला आपल्या पूर्वजांना ज्या घराबाहेर उभे केले त्या घराचे आतील दर्शन म्हणून. केशवपनाच्या प्रकरणापाशी एकजण रडेल, तर दुसरा विचारील की जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते या घरातील कोणाच्याच कानी का गेले नाही. हे दोन्ही प्रतिसाद संहितेतूनच उद्भवतात. सूत्रधाराने त्यांचा समन्वय घडवून आणण्याची घाई केली, तर तो पुन्हा पुराणिक होतो. त्याचे काम मतभेद संहितेतील नेमक्या जागेशी बांधून ठेवण्याचे आहे.

या बाबतीत पडदा वाड्याहून दुबळा आहे. वाड्यात ऐकणारी स्त्री काही बोलली नाही, तरी तिचा निःश्वास वाचणाऱ्याला ऐकू येई. पडद्यावर आवाज बंद ठेवलेल्या चौकटी असतात, आणि गप्प बसलेला वाचक ऐकतो आहे की निघून गेला आहे, हे कळत नाही. बोलण्याची सवय असलेले तेथेही बोलतात. प्रमाणभाषेचा आत्मविश्वास नसलेले लिहूनही व्यक्त होत नाहीत. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तेथे तो कोणाच्या हाती असतो, हा प्रश्नही आहेच. म्हणून मोठ्याने वाचण्याची जुनी प्रथा येथे पुन्हा आणणे अगत्याचे ठरते. प्रत्येक बैठकीत कादंबरीचे एक पान वेगळ्या व्यक्तीने, आपल्या स्वतःच्या उच्चारात वाचले, तर बोलण्याचा अधिकार मत असण्यावर अवलंबून राहत नाही. यमूचा ‘मी’ कधी मालवणी हेलात, कधी सिंधी वळणाच्या मराठीत, कधी पुरुषाच्या, कधी वृद्धेच्या आवाजात ऐकू येतो. आणि प्रत्येक वेळी त्या ‘मी’च्या कक्षेत कोण येते आणि कोण येत नाही, याची नव्याने परीक्षा होते.

७

या विवेचनातून मराठी कादंबरीच्या अभ्यासपद्धतीसंबंधी एक मागणी पुढे येते. कादंबरीचा इतिहास म्हणजे संहितांची कालानुक्रमिक मांडणी नव्हे. वाचनाच्या रीतींचा इतिहासही त्यात गुंफला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने वेगळी आहेत : नियतकालिकांचे मूळ अंक, वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या, सभासदांच्या याद्या, आत्मचरित्रांतून ओझरते येणारे वाचनाचे उल्लेख, आणि ज्या भाषिक समाजांची लिपी तुटली त्यांच्याकडील मौखिक स्मृती. ही साधने नाशिवंत आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशी विद्यापीठांच्या बाहेर, उपनगरांतील लहान वाचनालयांत व घराघरांत आहेत.

‘पण लक्षात कोण घेतो?’ या शीर्षकातील प्रश्न आजवर समाजाला विचारलेला प्रश्न मानला गेला. तो वाचनाच्या रीतीलाही विचारलेला आहे. लक्षात घेणारा ‘कोण’ एकवचनी असेल, तर यमूची कथा एका वाचकाच्या हळहळीत संपते. तो अनेकवचनी झाला, आणि त्या अनेकांत वस्तरा नाकारणाऱ्यांचे वारस, घरातून उठविलेल्या निर्वासितांचे वारस आणि यमूच्या घरातील बायकांचे वारस एकत्र आले, तर ही कादंबरी १८९३ मध्ये पूर्ण झाली असे म्हणणे कठीण होईल.